गुणाकाराचे अक्षहृदय

बेरजेपर्यंत मूल वस्तू मोजते. गुणाकारात त्याला गट मोजावे लागतात. चार ओंजळी आणि प्रत्येक ओंजळीत तीन बोरे असतील, तर ‘चार’ ही संख्या ओंजळींची असते, आणि तीन बोरांना तेवढ्यापुरते ‘एक’ मानावे लागते. अनेकांना एक म्हणून धरायचे आणि तरी ते अनेक आहेत हे विसरायचे नाही, अशी दुहेरी दृष्टी मुलाकडून दुसरी-तिसरीत पहिल्यांदाच मागितली जाते. टॅबलेटवरच्या किंवा संगणकावरच्या खेळांतून ती देता येईल का, हा प्रश्न वरवर अध्यापनतंत्राचा दिसतो. त्याच्या मुळाशी मात्र भारतीय दर्शनांनी फार पूर्वी हाताळलेले प्रश्न आहेत : संख्या वस्तूत असते की बुद्धीत, पाठ असलेल्या गोष्टीला ज्ञान म्हणावे का, आणि बक्षिसासाठी खेळलेल्या खेळातून खेळणाऱ्याच्या पदरी नेमके काय पडते. या प्रश्नांचा विचार करायला जयपूर हे शहर सोयीचे आहे, कारण गणित, धर्मचिंतन आणि खेळ या तिन्हींच्या खुणा तिथे एका तटबंदीच्या आत सापडतात.

वैशेषिक दर्शनात संख्या हा एक गुण मानला आहे. प्रशस्तपादाच्या ‘पदार्थधर्मसंग्रहा’त तिच्या उत्पत्तीचा बारकाईने विचार आहे. एकत्व प्रत्येक द्रव्यात असतेच. द्वित्व, त्रित्व आणि त्यापुढच्या संख्या मात्र ‘हा एक, हाही एक’ असे एकत्र धरणाऱ्या बुद्धीमुळे उत्पन्न होतात. तिला अपेक्षाबुद्धी म्हणतात. ती सरली की तिच्यातून आलेली संख्याही सरते. टेबलावर पाच पेन्सिली पडलेल्या असतात, पण त्यांचे पाचपण कोणीतरी त्यांना एका नजरेत बांधल्यावाचून प्रकट होत नाही. हाच विचार पुढे नेला, तर गुणाकारात अपेक्षाबुद्धी दोनदा राबते. आधी तीन बोरांचा एक गट बांधते, मग असे चार गट पुन्हा एका गणनेत बांधते. मूल अडते ते या दुसऱ्या बांधणीपाशी.

डिजिटल खेळाची पहिली कसोटी इथेच हाती येते. पडद्यावर तीन-तीन फुग्यांचे चार झुबके आयतेच येत असतील आणि मुलाने चार पर्यायांतला बरोबर आकडा दाबायचा असेल, तर बांधण्याचे काम खेळ तयार करणाऱ्याने केलेले असते. मुलाच्या वाट्याला फक्त निकाल येतो. उलट विखुरलेल्या ठिपक्यांभोवती मुलाने स्वतः बोटाने कडे काढले, ते कडे यापुढे एकच वस्तू म्हणून सरकू लागले आणि त्याच्या नकला ओळीने मांडता आल्या, तर बांधणी मुलाची असते. दोन्ही खेळ बाजारात ‘गुणाकाराचे खेळ’ म्हणूनच मिळतात. तत्त्वदृष्ट्या त्यांच्यात फार मोठे अंतर आहे.

जयपूरचा नकाशा या बांधणीचे मोठे उदाहरण आहे. १८ नोव्हेंबर १७२७ रोजी सवाई जयसिंह दुसरे यांनी वसवायला घेतलेले हे शहर मुळात तीन ओळींत तीन अशा नऊ चौकड्यांचे, म्हणजे चौकोनी विभागांचे, कल्पिले गेले. आखणीत विद्याधर भट्टाचार्य यांचा मोठा वाटा होता. डोंगर आड आल्यामुळे एक चौकडी जागेवर बसली नाही. ती बाजूला सरकवली गेली. चौकड्या तरीही नऊच राहिल्या, पण ‘तीन त्रिक नऊ’ असे एका दृष्टिक्षेपात सांगण्याची सोय गेली; आता एकेक मोजून खात्री करावी लागते. गुणाकार मांडणीत राहतो, हे यातून दिसते. नुसत्या ढिगाला संख्या असते; ढीग ओळी-स्तंभांत मांडला की गुणाकार दिसू लागतो. तिसरीतल्या मुलापुढे हा नकाशा चौकोनी तुकड्यांनी जुळवायला ठेवला, तर त्याला इतिहास आणि गणित एकदमच भेटतील.

याच राजाच्या दरबारात जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय पंडित होते. युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’चे अरबीवरून संस्कृतात झालेले रूपांतर, म्हणजे ‘रेखागणित’, हे त्यांचे काम. पंधरा अध्यायांच्या या ग्रंथात युक्लिडचे संख्याविषयक भागही आले आहेत. युक्लिडच्या सातव्या भागात गुणाकाराची दोन रूपे शेजारीशेजारी ठेवली आहेत. एक संख्या दुसरीत जितके एकक असतील तितक्या वेळा स्वतःत मिळवणे, हे एक. आणि दोन संख्यांच्या गुणाकाराला दोन बाजू असलेली प्रतल-संख्या मानणे, हे दुसरे. पहिल्यात काळ आहे, कारण मिळवणी पुन्हा पुन्हा होते. दुसऱ्यात अवकाश आहे. ओळी आणि स्तंभ एकाच वेळी हजर असतात.

गुणाकार म्हणजे पुनःपुन्हा बेरीज, एवढेच शिकवावे का, यावर आजही वाद होतो. गणितज्ञ कीथ डेव्हलिन यांनी २००८ मध्ये ठामपणे लिहिले की तसे शिकवणे चूक आहे, कारण अपूर्णांकांशी गाठ पडली की ती व्याख्या कोसळते. अडीच वेळा बेरीज करायची म्हणजे काय करायचे? मराठी शाळांत एके काळी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी पाठ करून घेत, तेव्हा मुले हा प्रश्न न विचारताच ओलांडत असत. पाच अडीच साडेबारा हे त्यांना हिशेबापुरते येई, पण पाचाला अडीचने ताणणे ही कल्पना कोणी उलगडून दाखवीत नसे. ती पडद्यावर फार सहज दाखवता येते : पट्टी ओढत न्यायची, ती दुप्पट होते, अडीचपट होते, मधल्या कोणत्याही पटीवर थांबते. कागदावर न साधणारे हे सातत्य डिजिटल माध्यमाचे खरे बळ आहे, आणि बहुतेक खेळ नेमके तेच वापरत नाहीत.

जयपूरमध्ये सामान्य माणसाला गुणाकार समजावण्याचा एक प्रयत्न पूर्णपणे धार्मिक हेतूने झाला. पंडित टोडरमल हे अठराव्या शतकातले दिगंबर जैन विद्वान. ‘मोक्षमार्ग प्रकाशक’ या ग्रंथामुळे ते आजही वाचले जातात. ‘गोम्मटसार’ या कर्मसिद्धान्तावरच्या प्राकृत ग्रंथावर त्यांनी ‘सम्यग्ज्ञानचंद्रिका’ ही टीका तिथल्या ढूंढाडी लोकभाषेत लिहिली. मूळ ग्रंथ संख्यांनी भरलेला आहे. गणित न येणारा श्रावक तिथे अडणार, हे ओळखून त्यांनी टीकेच्या पीठिकेत संकलन, व्यवकलन, गुणाकार, भागाकार यांपासून वर्गमूळ-घनमूळापर्यंतच्या आठ परिकर्मांची ओळख करून दिली. गुणाकार इथे आत्म्याच्या बंधनाचा हिशेब समजून घेण्याची पायरी आहे. टोडरमलांना बाजारासाठी गणित शिकवायचे नव्हते, तरी शिकवण्यात त्यांनी हयगय केली नाही. कशासाठी शिकायचे हे ठरलेले असले की कसे शिकवायचे याला दिशा मिळते, आणि आजच्या खेळांत हे ‘कशासाठी’ बहुधा नाण्यांच्या छनछनाटात हरवलेले असते.

आता पाठांतराकडे. न्यायदर्शनात प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही चार प्रमाणे आहेत. स्मृती यथार्थ असली तरी तिला प्रमा, म्हणजे प्रमाणातून मिळालेले ज्ञान, म्हटले जात नाही, कारण ती आधीच्या अनुभवाच्या संस्कारावर उभी असते. या चौकटीतून पाहिले, तर गुरुजींनी सांगितलेला पाढा हे शब्दप्रमाण आहे आणि घोकलेला पाढा ही स्मृती आहे. ‘सात आठे छप्पन्न’ म्हणणाऱ्या मुलाजवळ आठवण नक्की आहे. त्या आठवणीमागे अनुभव आहे की नाही, हे म्हणण्यावरून कळत नाही. यावरून पाढ्यांनाच दोष देण्याची घाई आजकाल होते. ती योग्य वाटत नाही. पाढ्याला ताल आहे, समूहाचा स्वर आहे, पुढच्या ओळीची ओढ आहे. तो स्वतःच एक जुना खेळ आहे. आणि आठवणीशिवाय पुढचे गणित पाऊलही टाकत नाही.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त याचा पुरावा आहे. इसवी सन ११५० च्या सुमारास लिहिलेल्या या ग्रंथात गुणाकाराचे उदाहरण एका मुलीला उद्देशून विचारले आहे : १३५ ला १२ ने गुणायचे. रीत मात्र एक दिलेली नाही, अनेक दिल्या आहेत. बाराचे आठ आणि चार असे तुकडे करावेत : १०८० आणि ५४०, बेरीज १६२०. किंवा बारा म्हणजे तीन गुणिले चार, म्हणून आधी तिनाने गुणून ४०५ आणि मग चाराने गुणून १६२०. किंवा एकं-दहंचे स्थान पाहून दोनाने आणि एकाने वेगवेगळे गुणावे आणि जागेवर मांडून मिळवावे. किंवा सोयीची संख्या मिळवून-वजा करून गुणावे. पाच शतके आधी, ६२८ मध्ये, ब्रह्मगुप्तानेही ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त गुणाकाराच्या अशाच वेगवेगळ्या रीती दिल्या होत्या. तो भिल्लमालचा, म्हणजे आजच्या राजस्थानातल्या भीनमालचा. लहान पाढे पाठ असतील तरच हे तुकडे सुचतात, आणि तुकडे करता येतात हे कळले असेल तरच पाढ्यांना अर्थ येतो. उत्तर एक आणि वाटा अनेक, या अनुभवात आनंद आहे. ज्या खेळात एकाच वाटेने वेगाने उत्तर दिल्यावरच गुण मिळतात, तो हा आनंद मुलापासून काढून घेतो.

जैन गणिती महावीराचार्य यांनी नवव्या शतकातल्या ‘गणितसारसंग्रहा’त तर गुणाकारातले निखळ कौतुकच मांडले. १४,२८,५७,१४३ ला ७ ने गुणले की १,००,००,००,००१ येते. दोन टोकांना दोन एक आणि मध्ये शून्यांची रांग, जणू गळ्यातला कंठा. याचा व्यवहारात उपयोग काही नाही. तरी ते ग्रंथात आहे, कारण संख्येकडे पाहताना माणसाला असे सुख होते. बादरायणाच्या ‘ब्रह्मसूत्रां’त सृष्टीच्या निर्मितीला लीला म्हटले आहे, आणि शंकराचार्यांनी भाष्यात त्याचा अर्थ असा लावला आहे की काही मिळवायचे उरलेले नसतानाही होणारी ती प्रवृत्ती आहे. खेळाची यापेक्षा उंच व्याख्या सापडणे कठीण. त्या मापाने पाहिले, तर नाणी मिळवण्यासाठी केलेला गुणाकार हा खेळ उरत नाही. तो कामाचा मोबदला होतो.

खेळाची दुसरी, काळी बाजूही परंपरेने लपवलेली नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या अक्षसूक्तात फाशांनी उद्ध्वस्त केलेला जुगारी स्वतःची कहाणी सांगतो. पडद्यापासून मूल उठत नाही म्हणून हवालदिल झालेल्या आईबापांना त्यातली ओढ परकी वाटणार नाही. वनपर्वातल्या नलोपाख्यानात या ओढीवरचा उतारा सांगितला आहे. द्यूतात राज्य गमावलेला नल बाहुक या नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. वाटेत ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडावरची पाने आणि फळे किती, हे रथातूनच सांगतो. नल रथ थांबवून मोजून पाहतो, संख्या जुळते. मग नलाची अश्वविद्या आणि ऋतुपर्णाचे अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, यांची अदलाबदल होते, आणि त्या विद्येबरोबर नलाच्या शरीरात शिरलेला कली बाहेर पडतो.

प्राचीन द्यूत बेहड्याच्या फळांनी खेळत. अभ्यासकांनी लावलेल्या संगतीनुसार उचललेली फळे चार-चारांनी बाजूला काढत : बाकी काही उरले नाही तर कृत, तीन उरली तर त्रेता, दोन उरली तर द्वापर आणि एक उरले तर कली. म्हणजे चारचा पाढा हीच त्या खेळातली चाल होती. ढिगाकडे पाहून त्यात चाराचे किती गट आहेत हे ज्याला कळे, त्याला खेळाचे हृदय कळे. ज्याला कळत नसे, तो नुसत्या ओढीच्या हवाली होई. नलाने खेळ तोच खेळला. आधी त्याने राज्य गेले आणि नंतर त्यानेच परत आले. मध्ये फरक पडला तो संख्याज्ञानाचा. जयपूरच्या मोठ्या चौकांना बडी चौपड, छोटी चौपड, रामगंज चौपड अशी पटावरच्या खेळाचीच नावे आहेत. त्या खेळातही दान पडल्यावर सोंगटी कुठे पोचेल याचा हिशेब करणे हाच खेळ असतो.

बाजारातल्या पुष्कळ डिजिटल खेळांत मात्र गुणाकार जकातीसारखा येतो. गाडी पळते आहे, राक्षस मागे लागला आहे, मध्येच ‘६ × ७’ असा प्रश्न आडवा येतो. उत्तर भरले की नाका उघडतो आणि खरा खेळ पुढे चालू होतो. तिथे सहा सत्ते बेचाळीस काढून इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग टाकले, तरी खेळ जसाच्या तसा राहील. मुलाला यातून जे शिकायला मिळते ते हे की गणित हा सुखाच्या आड येणारा अडथळा आहे. याउलट डेव्हलिन यांच्याच सहभागाने २०१३ मध्ये आलेल्या ‘वझिट ट्रबल’ या खेळात लहान दातेरी चाके फिरवून मोठे चाक हव्या त्या जागी आणायचे असते. पाच दात्यांचे चाक किती वेळा फिरवले म्हणजे चावी हाती येईल, हा विचार हीच तिथली चाल आहे. अक्षहृदयाचा हा अलीकडचा नमुना म्हणता येईल.

बक्षिसाचा प्रश्न गीतेच्या वाचकाला नवा नाही. कर्म करावे, फळावर डोळा ठेवू नये, या उपदेशाला मानसशास्त्राच्या एका गाजलेल्या प्रयोगाने वेगळ्या बाजूने दुजोरा दिला. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांपैकी काहींना ‘चित्र काढलेत तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असे आधी सांगितले. पुढे मोकळ्या वेळात याच मुलांनी चित्रे काढण्यात इतरांपेक्षा कमी वेळ घालवला. आधी न सांगता अचानक प्रशस्तिपत्र मिळालेल्यांची आवड मात्र घटली नाही. शाबासकीने बिघडत नाही, सौद्याने बिघडते, असा याचा अर्थ लावता येतो. खेळात चांदण्या असाव्यात की नसाव्यात, यापेक्षा त्या आधी कबूल केलेल्या आहेत का, हे पाहणे महत्त्वाचे.

खेळातून आलेली समज शाळेच्या गणितात आपोआप उतरते का? ‘सायन्स’ नियतकालिकात २०१७ मध्ये आलेल्या मोइरा डिलन, एलिझाबेथ स्पेल्की, एस्तेर ड्यूफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिल्लीतल्या बालवाड्यांमधल्या सुमारे दीड हजार मुलांपैकी काहींना पत्त्यांचे आणि पटावरचे गणिती खेळ दिले होते. संख्या आणि आकार यांची उपजत जाण वाढली आणि वर्षभरानंतरही टिकली. पण पहिलीत गेल्यावर औपचारिक गणितात या मुलांना टिकाऊ आघाडी मिळाली नाही. कडे आणि ओळी ओळखणारे मूल ‘×’ हे चिन्ह वाचेलच असे नाही, हे यावरून ध्यानात यावे. अनुभव आणि चिन्ह यांच्यामध्ये कोणीतरी पूल बांधावा लागतो. दिल्लीतच ‘माइंडस्पार्क’ या संगणकीय कार्यक्रमावर कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंग आणि अलेहांद्रो गानिमियान यांनी केलेल्या अभ्यासात साडेचार महिन्यांत मुलांची गणितातली प्रगती लक्षणीय दिसली. पण तिथे निम्मा वेळ संगणकापाशी होता आणि निम्मा वेळ माणसासोबत, लहान गटात.

पुलाचे हे काम जयपूरमध्ये वेगळ्या रीतीने करून पाहिले गेले आहे. शहराच्या कडेला १९७८ मध्ये सुरू झालेल्या ‘दिगंतर’ या संस्थेमागे शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड हॉर्सबरो यांच्या नीलबाग शाळेची प्रेरणा होती. रोहित धनकर आणि रीना दास यांनी ती उभी केली. तिथल्या शाळांत इयत्तांच्या भिंती आणि परीक्षेचा धाक बाजूला ठेवून प्रत्येक मुलाला स्वतःच्या गतीने जाऊ दिले गेले, आणि ‘असे का?’ हे विचारण्याला शिक्षणाचा गाभा मानले गेले. स्वतःच्या गतीने जाणे संगणक छान जमवतो. ‘असे का?’ विचारून मुलाच्या अर्धवट वाक्याची वाट पाहणे त्याला अजून साधत नाही.

नव्य-न्यायात सामान्यलक्षण प्रत्यक्षाची कल्पना आहे : एक धूर पाहताना धूरपणाच्या द्वारे सगळ्या धुरांचे भान होते. तीन ओळींत चार-चार ठिपके असलेली चौकट पडद्यावर बोटाने फिरवली की चार ओळींत तीन-तीन ठिपके होतात, एकही ठिपका वाढत नाही की घटत नाही. ही एक चौकट पाहताना ‘हे नेहमीच असे होणार’ असे मुलाला उमगते, तो क्षण फार मोलाचा आहे. त्याच क्षणी खेळाने टाळ्या वाजवून पुढची पातळी उघडली, तर उमगलेले शब्दांत येण्याआधीच निसटते. शिक्षकाने तिथे खेळ थांबवून विचारायला हवे : सहा डब्यांत वीस-वीस लाडू आणि वीस डब्यांत सहा-सहा लाडू, लाडू सारखेच भरले, मग डबेही सारखेच लागले का? मुले यावर भांडतात, आणि ते भांडण त्यांना करू द्यावे.

तेव्हा गुणाकाराची ओळख करून देताना क्रम असा असावा : आधी हाताने गट बांधणे, मग पडद्यावर ते गट फिरवणे, ताणणे, तोडून जोडणे, त्यानंतर चिन्ह आणि वही, आणि अर्थ रुजल्यावर पाढ्यांचे तालासुरात पाठांतर. घड्याळ लावून वेगाने उत्तरे मागणारे खेळ सर्वांत शेवटी यावेत, आणि ओळख करून देण्याच्या पहिल्या वर्षात ते वर्गात आणूच नयेत. खेळ निवडणाऱ्या शिक्षकांनी आणि पालकांनी तो मुलाच्या हाती देण्यापूर्वी स्वतः एकदा खेळून पाहावा आणि त्यातली चाल गुणाकाराची आहे की नाही, एवढे तपासावे.